भाताच्या बांधावरचे तपकिरी स्किपर: ओळखताना या चुका टाळा

सप्टेंबर-ऑक्टोबरात भाताच्या बांधावर, एकदांडीच्या फुलांवर स्किपर गटातले एक छोटे तपकिरी फुलपाखरू भुर्रकन जागा बदलत असते. फोटो टाकताना बहुतेक जण त्याला ‘राइस स्विफ्ट’ म्हणून मोकळे होतात. भातात दिसले ना, मग राइस! पण त्याच बांधावर स्मॉल ब्रँडेड स्विफ्ट आणि पार्नारा जीनसमधले (जवळच्या जातींचा गट म्हणजे जीनस) स्विफ्टही फिरत असतात आणि या सगळ्यांच्या अळ्या भातावर नि गवतांवरच वाढतात. त्यामुळे जागा किंवा झाड बघून निवाडा होत नाही. आकारानेही होत नाही, कारण पंख पसरले तरी हे सगळे तीन-चार सेंटिमीटरच्या आसपासच भरतात.

ठिपके मोजत बसणे

ही सगळ्यात मोठी चूक. ‘माझ्या फोटोत सात ठिपके आहेत, मग हा कोणता?’ या प्रश्नाला उत्तर नाही. एकाच जातीत ठिपके लहान-मोठे होतात, एखादा गायबही होतो. ठिपका कुठल्या जागेत आहे, हे बघायचे. म्हणून पंखावरच्या दोन जागा आधी पाठ करा. पहिली ‘सेल’: पंखाच्या मुळापासून मध्यापर्यंत गेलेली, शिरांच्या मधली मोठी जागा. दुसरी पुढच्या पंखाच्या मागच्या कडेलगतची, जिला तज्ज्ञ ‘स्पेस १’ म्हणतात. शिरा आणि जागा मागच्या कडेपासून मोजत यायची ही पद्धत फुलपाखरांचे अभ्यासक ब्रिगेडियर इव्हान्स यांच्या ओळख-तक्त्यांमुळे भारतात रुळली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने ते तक्ते १९२७ मध्ये पुस्तकरूपात काढले आणि स्किपरवाले आजही त्यांचाच आधार घेतात. आकडे बघून घाबरू नका, बांधावरच्या कामाला या दोन जागा पुरतात.

मागच्या पंखाची खालची बाजू बघा. स्मॉल ब्रँडेड स्विफ्टमध्ये तिथे बारीक पांढऱ्या ठिपक्यांची बाकदार ओळ असते आणि त्या ओळीच्या आत, मुळाच्या बाजूला, सेलमध्ये आणखी एक सुटा ठिपका असतो. राइस स्विफ्टमध्ये ओळीतले काही ठिपके असतात, पण सेलमधला हा ठिपका नसतो. फोटो मोठा करून आधी तेवढेच शोधा. पार्नारामध्ये हे ठिपके बाकदार न बसता जवळजवळ सरळ रेषेत येतात, शिवाय मिशा (डोक्यावरच्या स्पर्शिका) स्मॉल ब्रँडेडपेक्षा आखूड असतात. मागच्या पंखावर खालून एकही ठिपका नसेल तर या तिघांचा नाद सोडा आणि कॅल्टोरिस किंवा बाओरिस या जीनसकडे वळा. मात्र पार्नाराचे ठिपके कधी अगदी पुसट असतात, तेव्हा ‘एकही नाही’ म्हणण्यापूर्वी मिशा पाहून घ्या.

ब्रँड नाही, म्हणजे ब्रँडेड नाही

नावावर जाऊ नका. ‘ब्रँड’ म्हणजे पुढच्या पंखाच्या वरच्या बाजूला असलेली करड्या-पांढऱ्या रंगाची तिरपी रेघ. ती गंध सोडणाऱ्या खास खवल्यांची असते आणि फक्त नरात असते. मादीत त्याच भागात पांढरे ठिपके असतात. राइस स्विफ्टमध्ये तर नरालाही ब्रँड नसतो, पण नर-मादी दोघांतही स्पेस १ मध्ये एक पिवळसर ठिपका असतो. म्हणजे ब्रँड दिसला तर प्रश्न पुष्कळ सुटला, नाही दिसला तर काहीच सिद्ध झाले नाही. अशा वेळी पुन्हा मागच्या पंखाच्या खालच्या बाजूकडे जायचे.

ब्रँड दिसल्यावर आणखी एक तपासणी करता येते. पुढच्या पंखाच्या सेलमधल्या दोन ठिपक्यांमधून मनातल्या मनात रेष ओढून ती मागच्या कडेकडे वाढवा. स्मॉल ब्रँडेडमध्ये ती ब्रँडला छेदते. फोटो तिरका असेल तर ही युक्ती फसवते, म्हणून पंख सरळ समोरून दिसत असेल तरच वापरा.

एकच फोटो

पंख मिटून बसलेल्या स्किपरचा मागचा पंख पुढच्या पंखाचा खालचा भाग झाकतो, नेमका जिथे ब्रँड आणि स्पेस १ चा ठिपका असतो तो. उन्हाच्या तिरपेत शेकताना मात्र स्विफ्ट मागचे पंख आडवे पसरून पुढचे अर्धवट उभे धरतात. तेव्हा मागून, थोडे वरून फोटो घ्या, मग खाली वाकून बाजूने दुसरा. फ्लॅश टाळलेला बरा, कारण तुकतुकीत तपकिरी पंखावर चमक पडली की नसलेले ठिपके उगवतात.

मागून ऊन येत असेल तर ती अडचण नाही, उलट फायदा आहे. सेलमधले आणि मधल्या भागातले ठिपके अर्धपारदर्शक असतात, तिथून प्रकाश आरपार येतो. राइस स्विफ्टचा स्पेस १ मधला ठिपका अपारदर्शक असल्याने तसा उजळत नाही. तो खवल्यांचा बनलेला, म्हणून जुन्या, झिजलेल्या फुलपाखरात घासून जातो. ब्रँडचेही तेच. पारदर्शक ठिपके मात्र पंख फाटेपर्यंत टिकतात. पंखांच्या कडा फाटलेल्या दिसल्या की ‘ठिपका नाही’ या निरीक्षणावर फार विसंबू नका.

पिवळ्या-काळ्यांचा हट्ट

डार्ट हेही स्किपरच. या नारिंगी-काळ्या डार्टमध्ये पाम डार्टची जोडी ओळखायला जमण्यासारखी आहे. पेल पाम डार्टमध्ये पुढच्या पंखाचा नारिंगी पट्टा शिरांवरून बाहेरच्या कडेपर्यंत ओघळलेला दिसतो, डार्क पाम डार्टमध्ये कडेची काळी पट्टी तशी कापली जात नाही. ग्रास डार्ट मिशांवरून कळतात. बहुतेक स्किपरच्या मिशांना टोकाशी हुकासारखा बाक असतो, यांची टोके बोथट, चमच्यासारखी.

पोटँथस जीनसमधले डार्ट मात्र फोटोवरून जातीपर्यंत नेण्याचा अट्टहास करू नका. त्यांच्या कित्येक जाती नराची जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय खात्रीने वेगळ्या करता येत नाहीत. कुणी नुसत्या पिवळ्या पट्ट्यावरून ठाम नाव सांगत असेल तर त्याला कारण जरूर विचारावे. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर ‘पोटँथस’ एवढीच नोंद चालते. तिला दोन्ही बाजूंचे फोटो, ठिकाण आणि तारीख जोडली की ती नोंद पुढेही तपासता येते. एकदा अंदाजाने टाकलेले जातीचे नाव मात्र नकाशावर बिंदू होऊन बसते आणि पुढचे दहा जण त्याच्याच आधारे आपले फोटो ‘जुळवतात’.