विलायती चिंच: लावताना, खाताना आणि काढताना या चुका टाळा

इतर फळझाडांच्या बाबतीत चुका होतात त्या रोप जगवताना. विलायती चिंचेच्या बाबतीत त्या रोप जगल्यानंतर होतात. हे झाड वाढवायला फार काही लागत नाही, म्हणून माणूस लावतो आणि विसरतो. पाच-सहा वर्षांनी मान वर करून बघावं तर दहा मीटरचा काटेरी डोलारा उभा असतो आणि आसपास त्याची पोरं उगवलेली असतात. मग प्रश्न येतो, आता हे आवरायचं कसं?

गोंधळ सुरू होतो नावापासून. चिंच म्हटलं की नेहमीच्या चिंचेचं भावंड असणार, असं गृहीत धरलं जातं. दोन्ही शिंबी कुळातल्या, म्हणजे शेंगा धरणाऱ्या घराण्यातल्या, पण नातं तेवढंच. नेहमीची चिंच टॅमरिंडस इंडिका, ही पिथेसेलोबियम डल्से. गोरखचिंच तर शेंगवर्गीयसुद्धा नाही, तो आफ्रिकेतला बाओबाब. विलायती बाभूळ हे आणखी वेगळंच काटेरी प्रकरण. 'विलायती'चं बी द्या म्हणून सांगितलं आणि भलतंच हातात पडलं, असं होतं ते यामुळे. म्हणून ओळख पानावरून पटवा. देठाला दोन फाटे फुटतात आणि प्रत्येक फाट्यावर दोनच पर्णिका, म्हणजे छोटी उपपानं, एका पानात मोजून चार. नेहमीच्या चिंचेचं पान पिसासारखं, पर्णिकांच्या कितीतरी जोड्यांचं असतं. विलायती चिंचेत पानाच्या तळाशी सरळ काट्यांची जोडी असते, पांढरट फुलांचे छोटे गोल गोंडे येतात आणि शेंग जिलबीसारखी वळते. काटे दिसले नाहीत म्हणून लगेच 'ही ती नव्हे' असं ठरवू नका, बिनकाट्यांची झाडंही असतात.

जुनी पुस्तकं चाळणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा आहे. पर्जन्यवृक्ष, म्हणजे रेन ट्री, एके काळी पिथेसेलोबियम याच प्रजातीत घातलेला होता. त्याची प्रचंड छत्री आणि दाट सावली यांचं वर्णन वाचून कुणी विलायती चिंच सावलीसाठी लावली, तर निराशा ठरलेली.

दुसरा गैरसमज मूळ गावाबद्दल. 'मनिला टॅमरिंड' हे इंग्रजी नाव वाचून झाड फिलिपिन्सचं समजलं जातं. फिलिपिन्स हा त्याच्या प्रवासातला मुक्काम होता. मूळ घर मेक्सिकोचा पॅसिफिक किनारा आणि तिथून मध्य अमेरिकेतून खाली उत्तर कोलंबिया-व्हेनेझुएलापर्यंतचा पट्टा. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं स्पॅनिश गलबतं मेक्सिकोतलं आकापुल्को बंदर आणि फिलिपिन्समधलं मनिला यांच्यात ये-जा करत होती. स्पॅनिशांनीच हे झाड फिलिपिन्सला नेलं. नावसुद्धा सोबत गेलं: मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांच्या नाहुआत्ल भाषेतून आलेलं 'ग्वामुचिल' फिलिपिन्समध्ये 'कामाचिले' झालं. पुढे आशियाभर झाड पसरलं, पण त्याला आपलं म्हणायला कुणी तयार नाही. तेलुगूत सीमचिंत, कन्नडमध्ये सीमे हुणसे, थाईमध्ये माखाम थेत. तिन्हींचा अर्थ परदेशी चिंच. इंडोनेशियात आसाम बलांदा, म्हणजे डच चिंच. आपल्याकडे विलायती. आणि जिच्या तुलनेत ही परकी ठरली ती आपली चिंच तरी कुठली? मूळची आफ्रिकेची, अरबांनी तिला 'तमर हिंदी', हिंदुस्थानी खजूर, म्हटलं आणि तेच नाव जगभर चिकटलं.

शास्त्रीय नावाची गंमत याहून मोठी. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी १७९८ मध्ये या झाडाचं वर्णन 'मिमोसा डल्सिस' म्हणून प्रसिद्ध केलं, ते कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वनस्पतींच्या ग्रंथात. म्हणजे अमेरिकेच्या झाडाचं शास्त्रीय बारसं झालं भारतात. १८४४ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ बेंथम यांनी ते आजच्या प्रजातीत हलवलं. पिथेसेलोबियम म्हणजे ग्रीकमध्ये माकडाच्या कानातला डूल. वळलेली शेंग बघितली की पटतं.

हे सगळं लावणाऱ्याच्या कामाचं का, तर मूळ घर कळलं की झाडाच्या सवयी कळतात. कोरड्या, लांब उन्हाळ्याच्या उष्ण प्रदेशातलं हे झाड आहे. वर्षाला ४५० ते १६५० मिलिमीटर पावसात ते आरामात वाढतं, हलक्या जमिनीत टिकतं, खारट माती आणि समुद्रकाठची वाळूही सोसतं. चालत नाही ती सावली. मोठ्या झाडाखाली लावून 'वाढत का नाही, फुलत का नाही' असं विचारण्यात अर्थ नाही.

बियांवर उपचार ही अगदी नेहमीची चूक. शेंगवर्गीय झाडांचं बी कठीण कवचाचं, म्हणून गरम पाण्यात बुडवा किंवा घासून लावा, हा सल्ला सुबाभळीसारख्या झाडांना लागू पडतो. इथे नाही. विलायती चिंचेचं ताजं बी ओल मिळाली की एक-दोन दिवसांत उगवतं. मी पहिल्यांदा कढतं पाणी ओतून, रात्रभर भिजवून, पुस्तकाप्रमाणे सगळं केलं. बी शिजून गेलं. गर खाऊन कोपऱ्यात थुंकलेल्या बिया मात्र त्याच आठवड्यात वर आल्या होत्या. बी जपून ठेवायचं असेल तर साधारण सहा महिने टिकतं, त्याहून जुन्या बियांवर भरवसा ठेवू नका.

बियांपासून लावलं तर आईसारखी चव येईल, ही आशा मात्र सोडून द्या. काही झाडांचा गर गोड असतो, काहींचा इतका तुरट की जिभेला मिठी बसते. गराचा रंगही पांढऱ्यापासून गुलाबी-लाल असा बदलतो. चांगलं फळ हवं असेल तर आधी चव घेऊन झाड निवडावं आणि त्याच्या फांदीचं छाट कलम (फांदीचा तुकडा मातीत रोवून) किंवा गुटी कलम (फांदीला झाडावरच मुळं फोडून) करावं.

तुरटपणाचं खापर दर वेळी झाडावर फोडू नका, पुष्कळदा तोडणाराच घाई करतो. शेंग हिरवी, कडक असताना तोडली तर तोंड आखडणारच. ती गुलाबीसर होऊन शिवणीवर उकलायला लागली, आत गर फुगलेला दिसला, की तोडायची. उशीर केलात तर पक्षी आधी पोचतात. तोडलेलं फळ फार दिवस ठेवण्यासारखं नसतं. खायचा असतो तो बियांभोवतीचा गर. काळी चकचकीत बी टाकून द्यायची, गिळायची नाही.

कुंपण की फळ?

विलायती चिंचेचं कुंपण उत्तम होतं. काटे आहेत, छाटलं की दाट फुटतं, गुरं सहसा आत शिरत नाहीत. पण कुंपणही हवं आणि टोपलीभर शेंगाही हव्यात, असं दोन्ही एकाच रांगेतून मागू नका. फुलं फांद्यांच्या टोकांकडे येतात आणि कुंपणाची कात्री नेमकी तीच टोकं उडवते. छाटणी थांबवली तर फळं मिळतील, पण वर्षा-दोन वर्षांत कुंपणाचं झाड होईल आणि खालून ते विरळ पडेल. फळासाठी एखादं झाड वेगळं, मोकळ्या उन्हात ठेवावं हे बरं.

ते कुठे ठेवायचं, यावरही थोडं थांबून विचार करा. मुळं उथळ, लाकूड ठिसूळ. वादळी वाऱ्यात फांद्या मोडतात, कधी झाडच उन्मळून पडतं. घराच्या भिंतीलगत, विजेच्या तारांखाली, वाहनं लावायच्या जागी हे झाड नको.

आता मुख्य चूक. झाड लावणारा बुंध्याभोवती बघतो, तिथे चार-दोन रोपं दिसली तर उपटतो आणि समाधान मानतो. पण हे झाड बी खाली टाकण्यावर अवलंबून नाही. शेंग उकलते, काळ्या बिया पांढऱ्या-गुलाबी गराला धरून बाहेर लोंबतात. ती पक्ष्यांसाठी मांडलेली थाळीच. पक्षी गर खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. म्हणून रोपं शोधायची तर पक्षी जिथे बसतात तिथे: तारांखाली, कुंपणाच्या खांबांशी, दुसऱ्या मोठ्या झाडांच्या कडेला, पडीक रानात. हवाई बेटांवर हे झाड १९व्या शतकात पोचलं, तिथे त्याला 'ओपिउमा' म्हणतात आणि कुरणांतलं तण म्हणून ओळखतात. फ्लोरिडा, पोर्तो रिको आणि पॅसिफिकमधल्या अनेक बेटांवरही ते लागवडीतून निसटून रानात रुळलं आहे.

म्हणून जुनी झाडं सरसकट तोडा, असं माझं म्हणणं नाही. त्यांच्यावर मधमाश्या येतात, शेळ्या पाला खातात, मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात. पण जिथे मूळचं कोरडं जंगल किंवा गवताळ माळ अजून शाबूत आहे, त्याच्या काठाला नवं झाड लावणं मला चूक वाटतं. 'मी एकच लावतोय' हा हिशेब पक्षी मोडून काढतात.

काढायचं ठरलं तर एका तोडीत काम होईल, असं समजू नका. बुंध्यापासून कापलं की खुंटाला दुप्पट फुटवे येतात, मुळांपासूनही पिल्लं उठतात. कापण्यापेक्षा खरं काम त्यानंतर: फुटवे कोवळे असतानाच पुन्हा पुन्हा मोडत राहायचे, खुंट थकेपर्यंत. शक्य असेल तर मुळासकट खणून काढावं. लहान रोपं पावसानंतर माती सैल असताना मुळासकट निघतात. वाळलेल्या जमिनीत ओढलीत तर वरून तुटतात आणि खालून परत येतात. तोड शेंगा उकलण्याआधी करा, नाहीतर फांद्या ओढून नेताना वाटभर पेरणी होते.

कापताना अंगभर कपडे आणि डोळ्यांना चष्मा हवा, कारण चीक कातडीला आणि डोळ्यांना झोंबतो. सरपण म्हणून वापरायचं मनात असेल तर धुराची तयारी ठेवा, हे लाकूड जळताना फार धुमसतं. आणि छाटलेल्या फांद्या वाटेवर वाळत टाकू नका. पाला गळून मातीत मिसळतो, काटे तसेच उरतात, आणि जाड तळव्याची चप्पलही त्यांच्यापुढे टिकत नाही.