आवर्तनाचं गणित कुठं चुकतं: धरणांच्या वार्षिक पाणी नियोजनात या चुका टाळा

ऑक्टोबर उजाडला की मागच्या वर्षीची फाइल निघते, तारखा बदलतात आणि ‘नियोजन’ तयार! गोदावरी खोऱ्यात वरच्या अंगाच्या धरणांवर माझं नोकरीचं आयुष्य गेलं. दरवर्षी त्याच चुका पाहिल्या. नव्या पोरांना एक्सेल उत्तम येतं, पण नदीपात्रात उतरायचं म्हटलं की बूट आठवतात.

वहनव्यय, म्हणजे वाटेत मुरणारं-उडणारं पाणी, सरसकट टक्क्यांत धरणं. माझा सगळ्यात जास्त राग याच चुकीवर. एका नोव्हेंबरात खालच्या धरणासाठी नदीतून पाणी सोडायचं होतं. नियोजनात वहनव्यय वीस टक्के. वीसच का? तर जुन्या फाइलीत वीस होता. तो आकडा ज्या वर्षीचा, त्या वर्षी परतीच्या पावसानं झोडपलं होतं, पात्र ओलं होतं. यंदा वाळू सप्टेंबरपासून तापलेली. पहिले दोन दिवस पाणी वाळूनंच प्यायलं.

तिसऱ्या रात्री खालच्या मोजपट्टीवरचा माणूस फोनवर म्हणाला, “साहेब, बोटभरही चढलं नाही.” जीप काढली. फळ्या घालून पाणी अडवणाऱ्या एका कोल्हापुरी बंधाऱ्यावर बॅटरी मारली, तर दुपारी काढलेल्या फळ्या परत खाचेत, मध्ये चिखल आणि पाचट ठासलेलं. काठावरच्या पंपांची वीज तोडल्याचा कागद माझ्या खिशात होता, आणि काठावर डिझेल इंजिनं धडधडत होती. एक म्हातारबाबा शांतपणे म्हणाले, “तुमचं पाणी कुठं पळून चाललंय? आमच्या विहिरीला जरा पाझर लागू द्या.”

त्यांच्यावर काय चिडायचं? फळ्या काढायची सूचना आम्ही आदल्या दिवशी दिली होती. पावसाळी प्रवाह ओसरला की ऑक्टोबरात फळ्या बसतात, आणि वरून पाणी सोडायचं की नाही याचा हिशेबही १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर होतो. म्हणजे निर्णय येईपर्यंत बंधारे भरून बसलेले. तेव्हापासून मी सप्टेंबरातच गावोगाव सांगून ठेवायचो की यंदा पाणी सोडावं लागेल असं दिसतंय. शिव्या खायचो, पण वेळेत. आणि सोडायचं तर मोठ्या विसर्गानं, एका दमात. १ टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणजे ११,५७४ क्युसेक (सेकंदाला घनफूट) एक अख्खा दिवस. २,००० नं सोडलंत तर जवळजवळ सहा दिवस वाळूला आणि इंजिनांना पाजत बसाल.

२०२३ साली खालच्या जायकवाडी धरणासाठी ८.६ टीएमसी सोडायचा आदेश ऑक्टोबरअखेर निघाला आणि पाणी सुटलं नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. मधले दिवस वादात जातात, हे गृहीत धरूनच वेळापत्रक करा.

वरून पाणी सोडायचं की नाही हे ठरवणारे जायकवाडीचे ६५ टक्के म्हणजे नुसता धरणातला साठा समजणं. समन्यायी वाटपाच्या, म्हणजे वरच्या-खालच्या धरणांत न्यायानं पाणी वाटण्याच्या, हिशेबात जायकवाडीचा खरिपातला वापरही धरावा लागतो. मोबाइलवर टक्केवारी बघून भांडायला येणाऱ्यांना आधी हे विचारा.

टक्केवारी कशाची, ते न सांगणं. उजनी धरणात सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे दारांच्या पातळीखालचा, आणि साडेत्रेपन्न उपयुक्त; टक्के उपयुक्तवरच मोजतात. म्हणून तिथं साठा ‘उणे’ होतो, आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच की धरण शून्याखाली कसं गेलं. मी टक्के लिहीतच नाही, टीएमसी लिहितो.

बाष्पीभवन शेवटी, उरलेल्यात बसवणं. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, पसरट आहे, पूर्ण भरला की पाण्याचा पसारा साधारण ३५० चौरस किलोमीटर. रोज ५ मिलिमीटर उडालं तरी पावणेदोन दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे सोळा दिवसांत १ टीएमसी. साठा घटतो तसा पसाराही आकसतो, हे खरं. पण ऊनही तेव्हाच तापतं. ही वजाबाकी आधी करा, आवर्तनं, म्हणजे कालव्याच्या पाळ्या, मागून.

माझी सवय उलटी मोजायची. सिंचन वर्ष ३० जूनला संपतं, पाऊस मात्र कॅलेंडर बघून येत नाही. म्हणून जुलैअखेरपर्यंतचं पिण्याचं पाणी बाजूला ठेवायचं, मग उन्हाळी, मग रब्बी. कालवा सल्लागार समितीत रब्बीच्या चार पाळ्यांवर टाळ्या पडतात. मी तीनच मांडायचो आणि चौथी पोटात ठेवायचो. हे पुस्तकात बसत नाही, मला ठाऊक आहे.

कालव्याच्या शेवटाकडून माथ्याकडे भिजवायचं सोडून उलटं करणं. यावर बोलून बोलून घसा बसला.

एकक न लिहिणं. नाशिक-नगरकडे दलघफू (दशलक्ष घनफूट), मराठवाड्यात दलघमी. एका नव्या अभियंत्याचा तक्ता तपासायला आला होता. मुळा २६,०००, जायकवाडी २,१७१. खाली ठळक अक्षरांत एकूण साठा: २८,१७१. खाली सहीसुद्धा केली होती.