सायकलसाठी रेनपँट घेताना

रेनपँट दुकानात उभं राहून मापू नका. नेहमीच्या पँटवर चढवा, खुर्चीत बसा आणि एक गुडघा पोटाकडे ओढा. गुडघ्यावर कापड ताणलं किंवा कंबर मागून खाली सरकली, तर एक माप मोठी घ्या. पाय वाकवल्यावर पायचा वर चढतो, म्हणून लांबी जरा जास्तच हवी. नाहीतर पाणी थेट मोज्यात उतरतं.

मग पँट उलटी करून शिवणी बघा. आतून सलग टेप चिकटवलेली नसेल, तर कापड कितीही भारी असो, सुईच्या भोकांतून पाणी झिरपणारच. सगळ्यात आधी हार मानते ती बैठकीची जागा. तिथे शरीराचा भार आणि सीटचं घर्षण दोन्ही असतं. म्हणून चार शिवणी एकाच ठिकाणी मिळणारी पँट मी टाळते. तिथे वेगळा अखंड तुकडा जोडलेला असेल तर उत्तम. लेबलवर १०,००० मिमी किंवा त्याहून जास्त जलरोधकता असावी, म्हणजे कापड तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब पेलतं.

घोट्याला लांब झिप हवी, म्हणजे बूट न काढता पँट चढते. वेल्क्रोचा पट्टाही हवाच, कारण उजवा पायचा सैल राहिला तर सायकलच्या चेनमध्ये अडकतो. पावसात अंधारून येतं, तेव्हा घोट्याजवळची चमकणारी पट्टी पायाबरोबर वरखाली होते आणि मागच्या चालकाला चटकन दिसते.

धुताना फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको.