फिट औषधांनी थांबत नसतील तर एमआरआय काढताना या चुका टाळा

सिन्नर, निफाड, दिंडोरीहून पहाटे निघालेली माणसं आमच्या सेंटरवर येतात, तेव्हा त्यांच्या पिशवीत पाच-सहा वर्षांच्या फिल्म असतात आणि प्रत्येक रिपोर्टवर तोच शब्द, ‘नॉर्मल’. मी नाशिकमध्ये एमआरआय तंत्रज्ञ आहे. दोन योग्य औषधं पुरेशा डोसात, नियमित घेऊनही फिट येतच राहिल्या, तर अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार, औषधांना दाद देत नाही असं डॉक्टर मानतात. अपस्माराच्या साधारण तीनातल्या एका रुग्णाची हीच गत असते. त्यांच्या मेंदूचा स्कॅन आम्ही काढतो तो फिट नेमकी कुठून उठते आणि ती जागा ऑपरेशनने काढता येईल का, हे पाहण्यासाठी.

सगळ्यात मोठी चूक मशीनपर्यंत पोहोचण्याआधीच, चिठ्ठीवर होते. ‘एमआरआय ब्रेन’ एवढंच लिहिलेलं असतं, मग आम्ही डोकेदुखीच्या पेशंटचा काढतो तसाच स्कॅन काढतो. त्यातले काप साधारण पाच मिलिमीटर जाडीचे. हिप्पोकॅम्पस, म्हणजे कानशिलाच्या आत खोलवर असलेला मेंदूचा छोटा भाग, किंचित आक्रसलेला असेल, किंवा मेंदूची साल जन्मापासूनच एखाद्या ठिकाणी नीट घडलेली नसेल, तर ते या कापांमध्ये सहज निसटतं. म्हणून चिठ्ठीवर ‘एपिलेप्सी प्रोटोकॉल’, म्हणजे खास अपस्मारासाठी ठरवलेली स्कॅनची पद्धत, लिहून घ्या. त्यात एक मिलिमीटरचे थ्रीडी टी-वन आणि फ्लेअर काप घेतात, शिवाय हिप्पोकॅम्पसला काटकोनात टी-टूचे बारीक काप (टी-वन, टी-टू, फ्लेअर ही एमआरआय चित्रांच्या प्रकारांची नावं). तीन टेस्लाचं, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाचं, मशीन मिळालं तर उत्तम. वेळ जास्त लागतो आणि हललं तर सगळं वाया जातं. त्यामुळे लहान मुलाला झोपेचं औषध लागेल का, हे आधीच विचारा.

फिट कशी येते तेही चिठ्ठीवर यायला हवं. नोकरीच्या सुरुवातीला एका मुलाचे वडील मला दारातच सांगत होते, “आधी पोटातून काहीतरी वर चढतं म्हणतो, मग टक लावून बघतो, ओठ चाटतो, डावा हात वाकडा होतो.” मी ऐकलं, पण रेडिओलॉजिस्टना सांगितलं नाही आणि नेहमीचाच स्कॅन काढला. रिपोर्ट नॉर्मल आला. पुढे मुंबईत पूर्ण प्रोटोकॉलने काढलेल्या स्कॅनमध्ये उजवा हिप्पोकॅम्पस आक्रसलेला दिसला. डावा हात मेंदूचा उजवा भाग चालवतो, म्हणजे वडिलांच्या त्या एका वाक्यात जागा आणि बाजू दोन्ही होत्या! ते मला अजून बोचतं. आता मी प्रत्येक घरच्याला फिटचा मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगतो आणि तो डॉक्टरांना दाखवायला लावतो.

याच्या उलटही चूक होते. आपल्याकडे फीतकृमीच्या अंड्यांमुळे झालेल्या जुन्या गाठीचा चुन्याचा ठिपका बऱ्याच जणांच्या मेंदूत सापडतो. ठिपका दिसला की घरचे म्हणतात, “सापडलं, काढून टाका.” पण फिट दुसरीकडूनच येत असू शकते. व्हिडिओ ईईजी (फिटचं चित्रण करत मेंदूतल्या विजेच्या लहरी नोंदवणारी तपासणी) आणि स्कॅन एकाच जागेकडे बोट दाखवत नाहीत, तोवर सर्जन सुरी धरत नाही, आणि ते बरोबरच आहे.

एमआरआयमध्ये काहीच सापडलं नाही तर पेट स्कॅन सांगतात, त्यात मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो ते दिसतं. त्यासाठी चार-सहा तास उपाशी राहावं लागतं, चहासुद्धा नाही. पहाटे फिट आली असेल तर ती लपवू नका. एरवी बिघडलेला भाग साखर कमी ओढतो, फिटच्या वेळी मात्र जास्त, त्यामुळे चित्र उलटं दिसू शकतं. आणि स्कॅनसाठी गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

‘अजून एक गोळी वाढवून बघू’ म्हणत वर्षं घालवणारे मला दर आठवड्याला भेटतात. दिल्लीच्या एम्समध्ये औषधांना दाद न देणाऱ्या अपस्माराच्या 116 मुलांवर झालेला अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशन झालेल्यांपैकी 77 टक्के मुलं वर्षभरानंतर फिटमुक्त होती, फक्त औषधांवर असलेल्यांपैकी 7 टक्के. ऑपरेशनवाल्यांमध्ये काहींना हातापायात कमजोरी आली, तेही डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून घ्या.

शेवटचं, सीडीबद्दल. सर्जनना फिल्म पुरत नाहीत, मूळ डिजिटल चित्रं लागतात. सर्जनना दाखवायला मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी ती सीडी एकदा कॉम्प्युटरवर उघडून पाहा. उघडली नाही तर आमच्याकडे या, दुसरी करून देतो.