नवीन पॅकिंग बसवूनही ऑइल गळतंय? आधी जागा पक्की करा

टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं, महिन्याभरात चेंबर (इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी) पुन्हा ओला. मग चेंबर उतरवून सिलिकॉन लावलं, तरी सोसायटीच्या पार्किंगमधला डाग जागेवरच. अशा गाड्यांत बहुतेक वेळा नवा भाग खराब निघालेला नसतो. गळती कुठून आहे हे न शोधताच भाग बदललेले असतात.

ऑइल वरून खाली ओघळतं आणि गाडी पळताना समोरचा वारा त्याला मागे ढकलतो. त्यामुळे थेंब पडतो त्याच्या नेमक्या वर बिघाड असेलच असं नाही. ओली झालेली सर्वांत वरची आणि बंपरच्या बाजूची सर्वांत पुढची जागा शोधायची. तिच्या खालचं काहीही तूर्तास उघडायचं नाही.

आधी ते इंजिन ऑइलच आहे ना, हे बघा. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा रात्रभर इंजिनखाली सरकवून ठेवा आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या जागा पेनाने आखून घ्या, म्हणजे थेंब कोणत्या बाजूचा ते सकाळी कळेल. थेंब पांढऱ्या टिश्यूवर टिपा. स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं, सोडून द्या. हिरवं किंवा गुलाबी आणि चिकट असेल तर कूलंट. लालसर असेल तर बहुधा पॉवर स्टीअरिंगचं किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं. दाट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर ऑइल. पातळ, पिवळसर आणि चाकाच्या आतल्या बाजूला असेल तर ब्रेक ऑइल समजा आणि गाडी हलवू नका. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत फसगत होते ती वेगळीच: काजळी कमी धरत असल्याने ऑइल बरेच दिवस मधाच्या रंगाचं राहतं आणि ‘हे इंजिनचं नसणार’ असं वाटतं. पावसाळ्यात ओल्या फरशीवर एकच थेंब सप्तरंगी होऊन हातभर पसरतो, त्याला घाबरू नका.

किती गळतंय याचाही अंदाज हवा. साधारण २० थेंब म्हणजे १ मिली. मिनिटाला एक थेंब धरला तर चोवीस तासांत सुमारे ७० मिली, आणि छोट्या पेट्रोल गाडीच्या इंजिनात एकूण ऑइलच ३ लिटरच्या आसपास असतं. सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा आणि आठवड्याने पुन्हा तशीच बघा. पातळी उतरतेय पण पुठ्ठा कोरडा आहे, तर ऑइल जळतंय किंवा गरम सायलेन्सर पाइपवर पडून उडून जातंय. सिग्नलला उभं राहिल्यावर बॉनेटमधून जळका वास येत असेल तर दुसरी शक्यता धरा. त्यात आगीचा धोका असतो, काम लांबणीवर टाकू नका.

धुतल्याशिवाय शोध नाही

जुन्या तेलकट थरावर नवी गळती दिसत नाही. इंजिन कोमट असताना बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, अल्टरनेटर, कॉइल आणि वायरिंगचे कनेक्टर प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधा, मग डीग्रीजर (तेलकट मळ सोडवणारं द्रावण) मारून जुन्या टूथब्रशने घासा. साध्या गाडीला अर्धा लिटर पुरतं. पेट्रोलने इंजिन धुण्याचा विचारही नको. गॅरेजमध्ये डिझेल किंवा रॉकेलचा फवारा मारतात. मळ त्याने सुटतो, पण मागे तेलकट पातळ थर राहतो आणि दुसऱ्या दिवशी सगळंच ओलं दिसतं. त्यावर डीग्रीजर आणि पाण्याचा हात फिरवायलाच हवा. खालचा प्लास्टिक गार्ड काढून वेगळा धुवा. वरून आलेलं ऑइल त्यात साठतं आणि भलत्याच भोकातून ठिबकतं. गार्डसाठी गाडी उचलायची तर खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये.

धुऊन कोरडं झालं की दोन वाटा. गळती मोठी असेल तर संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरवा, बेल्टपासून मात्र लांब. पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवा. पांढऱ्यावर काळी रेघ कुठून सुरू होते ते दिसतं. गळती अगदी बारीक असेल तर ऑइलमध्ये मिसळायची यूव्ही डाय (अतिनील उजेडात चमकणारा रंग) घ्या. लहान गाडीला ३० मिलीच्या आसपासची एक बाटली पुरते, तरी बाटलीवरचं प्रमाण बघा. यूव्ही टॉर्च मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळते. ३६५ नॅनोमीटरची मागा, ३९५ च्या जांभळ्या उजेडात डायची चमक बुडून जाते. गाडी ३० किलोमीटर चालवा आणि रात्री इमारतीखालच्या पार्किंगच्या अंधारात बघा. काही दिसलं नाही तर आणखी शंभरेक किलोमीटर होऊ द्या. डोकं जात नाही तिथे फोनचा कॅमेरा किंवा छोटा आरसा घाला, विशेषतः इंजिनच्या मागच्या अंगाला.

ब्रीदर तपासा, मगच पाना हातात घ्या

नव्या पॅकिंगमधूनही पुन्हा गळतं त्याचं सर्वांत जास्त दुर्लक्षित कारण हे आहे. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस नेहमीच चेंबरमध्ये उतरतो. तो पीसीव्ही व्हॉल्व्ह (हा गॅस बाहेर सोडणारी झडप) आणि ब्रीदरच्या पाइपातून इनटेककडे ओढला जातो. ही वाट गाळाने तुंबली की आत दाब साठतो आणि जिथे सील सर्वांत कच्चं असेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो. तुम्ही ते सील बदलता, दाब पुढचं शोधतो. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या आणि तासन्‌तास रांगणं, असं मुंबईतलं चालवणं असेल तर इंजिनातला ओलावा नीट उडत नाही आणि हा गाळ लवकर धरतो.

चाचणी सोपी आहे. पेट्रोल इंजिन गरम करून आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता चालू) ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढा आणि ऑइल भरायच्या त्या भोकावर पातळ प्लास्टिकची पिशवी सपाट धरा, आत पडू देऊ नका. पिशवी हलकीशी आत ओढली गेली तर ठीक. फुगून वर उचलली जात असेल तर ब्रीदर तुंबलाय किंवा रिंग झिजल्यात. व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवा: बहुतेक गाड्यांतला चांगला व्हॉल्व्ह खुळखुळतो. मुका असेल तर नवा घाला आणि त्याचे रबरी पाइप चिरलेत का तेही बघा. व्हॉल्व्ह नवा, पाइप मोकळे, तरी जोराने फुंकतंय, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्या. झिजलेल्या रिंगांवर सीलचा उपाय चालत नाही.

आता वरून खाली

सुरुवात टॅपेट कव्हरपासून. ट्रॅफिकमध्ये बॉनेटखाली वारा नसतो, उष्णता साठते आणि पॅकिंगचं रबर कडक होत जातं. ते बोटाने वाकवून बघा. प्लास्टिकसारखं ताठ झालं असेल किंवा चौकोनी चपटं झालं असेल तर गेलं. स्पार्क प्लगच्या विहिरीत ऑइल साचत असेल तर प्लग ट्यूबची सीलंही सोबत बदला, आणि बोल्टखालचे रबरी वायसरही. हेडचा, म्हणजे कव्हर ज्यावर बसतं त्या भागाचा पृष्ठभाग ॲल्युमिनियमचा असतो, जुना सिलिकॉन स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलात तर त्या ओरखड्यातूनच पुढची गळती. प्लास्टिकची पट्टी वापरा, मग ब्रेक क्लीनरने पुसून कोरडं करा. रबरी पॅकिंग कोरडंच बसवायचं. सिलिकॉन फक्त जिथे टायमिंग कव्हर (टायमिंग चेनवरचं झाकण) हेडला मिळतं त्या दोन कोपऱ्यांवर, ३ मिमीच्या ठिपक्याएवढा. सगळीकडे फासलेला सिलिकॉन आतल्या बाजूला दबून तुटतो आणि चेंबरमधल्या जाळीत जाऊन बसतो. मग ऑइलचा दाब कमी होतो, आणि गळतीपेक्षा तो रोग महाग.

बोल्ट बहुधा ६ मिमीचे असतात आणि त्यांना साधारण ८ ते १० न्यूटन-मीटरच लागतं. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. मधून सुरू करून बाहेर, आलटून-पालटून, दोन फेऱ्यांत. इतक्या कमी टॉर्कला चाकाचे बोल्ट आवळायचा मोठा टॉर्क पाना भरवशाचा नाही, पाव इंची ड्राइव्हचा घ्या. ‘अजून थोडं दाबू’ म्हणून जोर लावला की पत्र्याचं कव्हर बोल्टपाशी खोलगट होतं आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट पडते. जुन्या कव्हरवर पोलादी पट्टी उभी धरून खालून उजेड दिसतो का ते बघा. दिसला तर पॅकिंगला दोष देऊ नका, कव्हर बदला.

ऑइल प्रेशर स्विच ही स्वस्त आणि नजरेतून हमखास सुटणारी जागा. त्याच्या वायरचा सॉकेट काढा. आत ऑइल भरलेलं असेल तर स्विच मधूनच फुटलाय, बाहेरून कितीही आवळा. ऑइल फिल्टर गळत असेल तर जुन्याची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर चढला, असं झालंय का ते आधी बघा. नव्या रिंगला बोटाने ऑइल लावा, ती टेकल्यावर हाताने पाऊण फेरा द्या आणि थांबा.

चेंबरचं काम शहरातल्या स्पीड ब्रेकर आणि खड्ड्यांमुळे निघतं. पोचा पडला असेल तर ठीक, पण तो बोल्टांच्या ओळीपर्यंत गेला असेल तर चेंबरची कड सपाट बसणार नाही. समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत पत्रा गंजून सुईएवढं भोकही पडतं. त्यावर एम-सील लावून महिनाभर निभतं, पुढे नवा चेंबर. ड्रेन बोल्ट ठिबकत असेल तर तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर नवा घाला. तो एकदा दाबला की त्याचं काम संपलं. ॲल्युमिनियमच्या चेंबरात बोल्ट जास्त आवळून आटे गेले असतील तर इन्सर्ट बसवून घ्या, टेफ्लॉन टेप गुंडाळू नका.

क्रँकचं (इंजिनच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं) पुढचं सील पुलीमागे असतं. गळती तिथे असेल तर ऑइल पुलीच्या गतीने गोल उडतं आणि आजूबाजूला अर्धवर्तुळाकार शिंतोडे दिसतात. सील काढण्यापूर्वी ते किती आत आहे ते मोजून ठेवा. पुलीच्या दांड्यावर नखाला लागेल असा चर पडला असेल तर नवं सीलही गळेल. रिपेअर स्लीव्ह बसवा किंवा पुली बदला. रबरी ओठाला ऑइल लावून बसवा, पण टेफ्लॉनच्या ओठाचं सील असेल तर कोरडंच. टायमिंग बेल्ट असलेल्या गाडीत बेल्टला ऑइल लागलं असेल तर तो पुसून परत घालू नका, नवा घ्या.

मागचं क्रँक सील सर्वांत शेवटी. ते इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधोमध असतं, म्हणून तिथून थेंब पडताना दिसला की मेकॅनिक गिअरबॉक्स उतरवायची भाषा करतात. होकार द्यायच्या आधी यूव्ही टॉर्चचा उजेड टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेवर आणि हेडच्या मागे मारून बघा. तिथून ओघळलेलं ऑइलही बरोबर त्याच सांध्यातून टपकतं. खरंच सील गेलं असेल तर गिअरबॉक्स खाली असतानाच क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तपासून घ्या, मजुरी दोनदा पडत नाही. ऑइलने भिजलेली क्लच प्लेट धुऊन चालत नाही.

स्टॉप-लीकची (ऑइलमध्ये ओतायच्या गळतीरोधक औषधाची) बाटली कडक झालेलं सील थोडं फुगवते, इतकंच. फाटलेल्या पॅकिंगला किंवा पोचा पडलेल्या चेंबरला तिचा उपयोग शून्य.

काम झाल्यावर सिलिकॉनला ट्यूबवर लिहिलेला वेळ द्या, बहुधा २४ तास. त्याआधी इंजिन चालू करू नका. पातळी बघा, दहा मिनिटं आयडल, मग पुन्हा यूव्ही टॉर्च. २०० किलोमीटरनंतर एकदा पुठ्ठा घाला. पहिले एक-दोन दिवस क्रॉसमेंबरवर (इंजिनखालच्या आडव्या तुळईवर) साचलेलं जुनं ऑइल टपकू शकतं, म्हणून तो भागही पुसून ठेवलेला बरा. फरशीवरच्या डागावर लाकडाचा भुसा किंवा कोरडं सिमेंट पसरून रात्रभर ठेवा, सकाळी झाडून कपड्याच्या पावडरने घासा. निघालेलं काळं ऑइल बाटलीत भरून गॅरेजच्या ड्रममध्ये द्या. गटारात ओतलंत तर ते सरळ नाल्यातून खाडीत जातं.