मोठे टायर घातले आणि एक्सल मोडला? या चुका टाळा

पाऊस लागला की आमच्या बेळगावकडच्या खानापूर-जांबोटी पट्ट्यात लाल चिखलाचा राडा होतो आणि जिप्सी, जुनी थार, एमएम ५४० घेऊन पोरं बाहेर पडतात. खाली नवेकोरे ३१ इंची मड टायर, एक्सल मात्र कंपनीचाच. मग मोडला की फोन येतो, "दादा, कुठला हेवी एक्सल घालू?" अरे मर्दा, आधी सांग तरी की मोडला कुठं आणि कसा! हे कुणीच बघत नाही, तुकडे भंगारात घालून मोकळे.

तुकडे ठेवा. स्प्लाइन (एक्सलच्या आतला चाक फिरवणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, त्याच्या टोकावरचे दाते) पिळवटून तुटले असतील तर ताकद कमी पडली, म्हणजे जाड किंवा चांगल्या मटेरियलचा शाफ्ट पाहिजे. तुटलेली बाजू सपाट असेल आणि तिच्यावर एकाआत एक अर्धगोल रेघा दिसत असतील तर चीर आधीच पडली होती आणि रोज थोडी थोडी वाढत गेली. तिथं नुसती जाडी वाढवून काही होत नाही, कुठला तरी कोपरा किंवा फिनिशिंग चुकलंय.

टायरचं गणित एकदा डोक्यात बसवा. जिप्सीचा मूळ टायर २०५/७० आर१५, म्हणजे साधारण २६.३ इंच उंच. त्याजागी ३१ आला की त्रिज्या १८ टक्के वाढली, आणि टायर घसरायच्या आधी शाफ्टला जेवढा पीळ सोसायचा तोही तेवढाच वाढला. त्यात मड टायरची ग्रिप जास्त, वजन जास्त. टायर घसरतोय तोवर शाफ्ट सुखात असतो, तो धरला की सगळं शाफ्टवर येतं. शाफ्टची पिळाची ताकद जाडीच्या घनात वाढते, म्हणून २६ मिमीचा २८ केला की जवळजवळ २५ टक्के फरक पडतो. दोन मिमीला हसू नका.

आता ज्या चुकीनं माझं डोकं फिरतं ती. लेथवर करून घेतलेला एक्सल. बेळगावात उद्यमबाग ही कारखान्यांची वसाहत आहे, लेथ, मिलिंग, फाउंड्री सगळं हाताशी, त्यामुळं प्रत्येकाला वाटतं की कंपनीचा शाफ्ट नमुन्याला दिला की तसाच होऊन येतोय. ओळखीच्या एका पोरानं जिप्सीचे मागचे दोन्ही शाफ्ट असेच करून आणले. मी विचारलं, मटेरियल कुठलं? "ईएन एट." म्हणजे साधं कार्बन स्टील. हीट ट्रीटमेंट? "हार्ड मारून दिलंय म्हणाला." किती हार्ड, कितीपर्यंत आत, टेम्परिंग (परत तापवून ठिसूळपणा घालवणं) केलं का, काही पत्ता नाही. मिस्त्री तर म्हणाला म्हणे, "आगतैतरी, टेन्शन तगोबॅड्री!" (होतंय हो, टेन्शन घेऊ नका!) जुलैत जांबोटीच्या पुढं एका नाल्यातून चढ काढताना पोरानं लो गिअरमध्ये जोर लावला आणि खाडकन आवाज झाला. शाफ्ट फ्लँजच्या (चाक बसतं त्या टोकाच्या चकतीच्या) मुळाशी तुटला, बेअरिंगच्या बाहेर. जिप्सीचा मागचा एक्सल सेमी-फ्लोटिंग, म्हणजे पीळही शाफ्टच सोसतो आणि गाडीचा भारही शाफ्टच उचलतो. त्यामुळं चाक ड्रमसकट बाहेर येऊन गडगडत पाण्यात गेलं आणि गाडी ब्रेकच्या मागच्या पत्र्यावर, बॅकिंग प्लेटवर, बसली. ट्रॅक्टर मिळेपर्यंत अंधार पडला. नंतर तुकडा बघितला तर फ्लँजला शाफ्ट जिथं मिळतो तिथला कोपरा काटकोनात कापलेला, गोलाई अजिबात नाही. चीर तिथूनच सुरू झालेली.

करूनच घ्यायचा असेल तर ईएन २४ हे मजबूत अलॉय स्टील घ्या, हीट ट्रीटमेंटचा हार्डनेस रिपोर्ट मागा, फ्लँजला मोठी गोलाई ठेवायला सांगा आणि मधला दांडा स्प्लाइनच्या खाचांच्या तळापेक्षा किंचित बारीक ठेवा, म्हणजे पीळ स्प्लाइनच्या तोंडाशी न साठता पूर्ण दांड्यावर पसरतो. "बारीक केला तर मोडंल की ओ" असं प्रत्येकजण म्हणतो, खरं तसं नसतं. मी प्रत्येक शाफ्टवर ऑइल पेंटनं एक सरळ रेघ मारतो, सीझन संपला की काढून बघतो. रेघ तिरकी झाली की शाफ्ट बाद, मग दिसायला कितीका चांगला असेना.

दुसरी आवडती चूक, आधी लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवायला लावणारं कुलूप) आणि मग एक्सलचा विचार. ओपन, म्हणजे लॉकर नसलेल्या, डिफरन्शियलमध्ये (दोन चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरमध्ये) एक चाक घसरलं की दुसऱ्यालाही तेवढाच कमी टॉर्क मिळतो, तीच तुमच्या शाफ्टची राखण. लॉकर लावला की जे चाक धरून आहे त्या एकट्यावर सगळा जोर येऊ शकतो. लॉकर वाईट नाही, पण आधी शाफ्ट, मग लॉकर. आणि पुढच्या चाकांचं म्हणाल तर स्टेअरिंग पूर्ण कापून ॲक्सिलरेटर दाबणं बंद करा. त्या कोनात जॉइंट सगळ्यात कमकुवत असतो, मोठ्या टायरला तर एकदाच पुरतं. चाकं आधी थोडी सरळ करा, मग जोर लावा. पण नवीन पोरांना मागं घेऊन परत लाइन धरायची लाज वाटते. व्हिडिओ चालू असतोय ना!

रेशोचं मापही घ्या. ४.१० चा फायनल ड्राइव्ह (एक्सलमधला शेवटचा गिअर, मोठा क्राउन आणि त्याला फिरवणारा छोटा पिनियन) आणि टायर २६.३ चा ३१ केला तर गाडीचा जोर परत पहिल्यासारखा आणायला साधारण ४.८३ पाहिजे. पण त्याच क्राउनला जास्त रेशो म्हणजे पिनियन लहान आणि नाजूक, म्हणून शाफ्ट जाड करून पिनियन विसरलात तर आता तो तुटणार. डिफरन्शियल उघडण्यापेक्षा शाफ्ट बदलणं परवडतं, त्यामुळं मोडायचंच असेल तर शाफ्टनं मोडावं असं मी बघतो.

स्पेसर (चाकामागची जाड चकती) लावून चाक बाहेर काढू नका, सेमी-फ्लोटिंगचं बेअरिंग रडतं.

हाउसिंगवर (एक्सलच्या बाहेरच्या नळीवर) ट्रस, म्हणजे मजबुतीची पट्टी, मारताना सलग वेल्डिंग केलं की ट्यूब वाकते, मग ऑइल सील गळत राहतं आणि लोक सीलच बदलत बसतात. छोटे छोटे टाके, मधे थंड होऊ द्या.

एक्सलला हवा घ्यायला-सोडायला असलेला ब्रीदर पाइप वर घ्या. नाल्यात गरम एक्सल बुडाला की तो पाणी ओढतो, ऑइल दुधाळ होतं.

आणि कागदपत्रं. गाडीतल्या बदलांबद्दल मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, २०१९ ला सुप्रीम कोर्टानंही कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल करता येत नाही असं सांगितलंय. रोडवर केए २२ ची, म्हणजे बेळगावची, प्लेट लावून फिरणार असाल तर आधी आरटीओत विचारा.

स्पेअर शाफ्ट तर आता सगळेच बाळगतात, पण नुसता दांडा. जिप्सीला बेअरिंग आणि रिटेनर रिंग प्रेसवर बसवावी लागते, आणि प्रेस काय कणकुंबीच्या चिखलात मिळत नाही. घरीच बसवून, सील आणि मॅग्नेटसकट न्या, आत अडकलेला तुकडा काढायला मॅग्नेट लागतोच.