बाळाचं वजन नीट भरावं म्हणून गरोदरपणात कसं खायचं

"आता दोन जिवांची आहेस, डबल खा" असं दिवस गेले की जो तो सांगतो, पण हिशोब तसा नाहीये. पहिल्या तीन महिन्यात जास्तीच्या कॅलरी जवळपास लागतच नाहीत, मधल्या तीन महिन्यात रोज साधारण ३४० आणि शेवटच्या तीन महिन्यात ४५० जास्त लागतात, म्हणजे दिवसभरात एखाद-दुसरं जादाचं खाणं, बस.

आधी दिवस जायच्या आधीच्या वजनावरून स्वतःचा बीएमआय काढा, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. १८.५ च्या खाली आला तर नऊ महिन्यात १२.५ ते १८ किलो वाढायला हवेत, २४.९ पर्यंत असेल तर ११.५ ते १६, त्यावर २९.९ पर्यंत ७ ते ११.५ आणि ३० पासून पुढे ५ ते ९ पुरतात. बारीक अंगाच्या बायकांनी हे खरंच मनावर घ्या, कारण आई मुळात हलकी आणि त्यात वजनही वाढलं नाही तर बाळ अडीच किलोच्या आत जन्मायची शक्यता वाढते, आणि एवढ्याशा जिवाला अंगात ऊब धरणं, दूध ओढणं सगळंच जड जातं.

खरी धावपळ शेवटी असते. अठ्ठाविसाव्या आठवड्यात बाळ जेमतेम किलोभराचं असतं आणि दिवस भरेपर्यंत तीनच्या पुढेमागे जातं! नेदरलँड्समधे १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली तेव्हा ज्यांचे शेवटचे महिने त्यात गेले त्यांचीच बाळं जास्त हलकी निघाली, सरासरी ३०० ग्रॅमच्या आसपास कमी वजनाची.

पण नेमकं तेव्हाच पोट वर दाबलं जातं, चार घासात भरल्यासारखं होतं आणि छातीत जळजळतं. म्हणून ताट भरून वाढून घेऊ नका, दर दोन-अडीच तासांनी थोडं खा आणि प्रत्येक वेळी त्यात अंडं, डाळ, दही, शेंगदाणे असं प्रोटीनचं काहीतरी असू द्या. रात्री उशाशी छोटा डबा ठेवा, झोपमोड झाली की दोन घास जातात.

आयर्नची गोळी चहा किंवा दुधाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या म्हणजे अंगी लागते. कॉफी दिवसाला दोन लहान कपांच्या वर नको.

उलट बाजूही आहे, रक्तातली साखर वाढली तर बाळ चार किलोच्या वर जाऊन बाळंतपण अवघड होऊ शकतं, तेव्हा शुगरची टेस्ट चुकवू नका.

आणि नीट खाऊनही बाळ लहान राहिलं तर स्वतःला दोष देऊ नका, बीपी किंवा वारेचा प्रॉब्लेमही असू शकतो. सहाव्या महिन्यानंतर दोन-तीन आठवडे काटा हललाच नाही तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना दाखवून या.